पहिल्या नोकरीचा पुरावा

हळर्ण, तालुका पेडणे, गोवा

चि. भाचीस,

जाहिरातींत मागितलेला दोन-तीन वर्षांचा अनुभव पाहून नवे पदवीधर स्वतःला अपात्र समजतात आणि अर्जच करत नाहीत. हा समज कितपत खरा आहे हे शांतपणे तपासणे आवश्यक आहे. मालक अनुभव मागतो तेव्हा त्याला प्रत्यक्षात तीन गोष्टींची खात्री हवी असते: उमेदवाराला काम जमते, तो नियमित येतो, आणि शिकवण्यावर झालेला खर्च भरून निघण्याआधी तो सोडून जाणार नाही. नोकरीत काढलेली वर्षे हा या खात्रीचा सर्वांत सोपा पुरावा असला तरी तो एकमेव नाही. म्हणून अनुभवाची उणीव झाकत बसण्यापेक्षा याच तीन गोष्टींचा दुसरा पुरावा जमवणे हाच पहिल्या नोकरीचा खरा मार्ग होय.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार दोन अंगांनी झालेला आहे. गॅरी बेकर यांनी 1964 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मानवी भांडवलाचे, म्हणजे शिक्षण व प्रशिक्षणातून माणसाच्या अंगी येणाऱ्या उत्पादनक्षमतेचे, विवेचन करताना असे दाखवले की, जे कौशल्य कोणत्याही आस्थापनात उपयोगी पडते ते शिकवण्याचा खर्च मालक सहसा स्वतःच्या अंगावर घेत नाही, कारण शिकून तयार झालेला माणूस दुसरीकडे गेला तर लाभ दुसऱ्याचा होतो. मायकल स्पेन्स यांनी 1973 साली संकेताची कल्पना मांडली: उमेदवाराची क्षमता मालकाला थेट दिसत नाही, त्यामुळे तो पदवीसारख्या बाहेरच्या खुणेवरून अंदाज बांधतो, आणि जी खूण कमावण्यास कष्ट पडतात तीच त्याला भरवशाची वाटते. या दोन्ही विचारांवरून असे दिसते की, पहिल्या प्रशिक्षणाचा भार कोणी उचलावा हे ठरलेले नसते आणि त्याचा चटका नवख्याला बसतो; तेव्हा आलेला नकार हा आपल्या बुद्धीवरचा शेरा आहे असे कोणीही मानू नये.

गोव्यात हा चटका अधिक जाणवतो. श्रमशक्तीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये देशातील बेकारीचा दर 3.2 टक्के होता, तर गोव्याचा 8.5 टक्के. डिचोली तालुक्यात अनेकांनी आपले पहिले काम खाणीवर, ट्रकवर किंवा बार्जवर, घरच्या वा ओळखीच्या माणसाच्या हाताखाली शिकत मिळवले. तेथे शब्द हाच दाखला होता. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, ते पुन्हा सुरू झाल्यावर 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले, आणि ही वाट खुंटली. ज्यांच्यापाशी नेमणूकपत्र किंवा पगाराची पावती नव्हती, त्यांना वर्षानुवर्षांचे कसब अन्य क्षेत्रात सिद्ध करणे कठीण जावे हे स्वाभाविकच होते. दुसरीकडे, पेडण्यात मोपा पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली, आणि सामान हाताळणी, प्रवासी सेवा, सुरक्षा, हॉटेल व वाहतूक अशी कामे जवळ आली. परंतु अशा ठिकाणी तोंडी ओळखीबरोबर लेखी पात्रताही लागते.

लेखी पात्रता कमावण्याचा सर्वांत भक्कम मार्ग शिकाऊ उमेदवारी हा आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्याच्याशी लेखी करार होतो आणि त्याला वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते. 2019 च्या सुधारित नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि शिक्षणानुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये असे किमान विद्यावेतन ठरवले. 2016 पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा एक चतुर्थांश भाग, कमाल 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देते. म्हणजे बेकर यांनी दाखवलेला प्रशिक्षणाचा भार येथे मालक, सरकार आणि कमी मोबदल्यावर शिकणारा उमेदवार यांच्यात वाटला जातो. ही सोय आयटीआयच्या वीजतंत्री किंवा जोडारीपुरती मर्यादित नाही, वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही ती खुली आहे.

याच विचाराची दुसरी योजना म्हणजे प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात भविष्य निर्वाह निधीत प्रथमच नाव नोंदलेल्या आणि दरमहा एक लाख रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला तीत एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल 15,000 रुपयांची, रक्कम दोन हप्त्यांत मिळते, आणि अधिकची माणसे नेमणाऱ्या मालकालाही अनुदान मिळते. त्यामुळे ज्या आस्थापनात निधीची वर्गणी नियमित भरली जाते तेथील थोडे कमी वेतनही नोंदीविना मिळणाऱ्या जास्त पैशापेक्षा पहिल्या वर्षी अधिक मोलाचे ठरते. निधीच्या खात्यातील प्रत्येक महिन्याची नोंद हा पुढील मालकासाठी अनुभवाचा दाखला असतो.

अर्ज करण्यापूर्वीही पुरावा जमवता येतो. काजूच्या हंगामात घरच्या बियांच्या विक्रीचा हिशेब ठेवणे, दूध संस्थेच्या किंवा स्वयंसाहाय्य गटाच्या वह्या लिहिणे, देवस्थानच्या उत्सवाचा जमाखर्च मांडणे, ही कामे गावात बिनमोबदल्याची समजली जात असली तरी हिशेबनीसाच्या जागेसाठी तीच सर्वांत जवळची तयारी आहे. मात्र बायोडेटात 'सामाजिक कार्याची आवड' असे लिहून ती वाया घालवू नयेत. कोणते काम, किती काळ, कोणाच्या देखरेखीखाली केले हे स्पष्ट नोंदवावे आणि संस्थेच्या सचिवाकडून सहीशिक्क्याचे पत्र घ्यावे.

ओळखीचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली असे दाखवले की नोकरीची नवी माहिती निकटच्या नातलगांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते, कारण घरच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. म्हणून महाविद्यालयातील शिक्षक आणि दोन-तीन वर्षे आधी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी यांना आवर्जून विचारावे. पण ओळख म्हणजे माहिती व शिफारस, पैशाचा व्यवहार नव्हे. सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याच्या अनेक तक्रारी 2024 च्या अखेरीस गोव्यात पोलिसांकडे नोंदवल्या गेल्या. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या माणसाशी बोलणे तिथेच संपवावे, तो कितीही जवळचा असला तरी.

सारांश, पहिली नोकरी निवडताना तिथे काय शिकायला मिळेल आणि शिकल्याचा कागद मिळेल की नाही, हे दोन प्रश्न पगाराच्या आधी विचारावेत. चि. भाचीने या महिन्यात शिकाऊ उमेदवारीसाठी नाव नोंदवावे, दूध संस्थेतील कामाचे पत्र मागून घ्यावे, आणि जेथे एक वर्षाचा अनुभव मागितला आहे तेथेही अर्ज करण्यास कचरू नये.



मामा