सुरतेहून घाटमाथ्याकडे

सुरतेत मराठी ऐकायची असेल तर पहाटे उधना, लिंबायत किंवा डिंडोलीत जावं. यंत्रमागाची रात्रपाळी सुटलेली असते, चहाच्या गाड्यांभोवती धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसं उभी असतात आणि बोलणं चाललेलं असतं अहिराणीत. आमच्या सायकली आणि त्यांना बांधलेल्या पिशव्या बघून एकाने विचारलं, "कथा चालनात, भो?" सापुताऱ्याला, म्हटल्यावर तो हसला. "मंग यष्टी से ना!"

यष्टी आहे. पण शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या दोन्ही मोहिमा आपण नेहमी लुटीच्या रकमेने मोजतो, आणि मला त्या एकदा अंतराने आणि चढाने मोजून पाहायच्या होत्या. घोड्याच्या वेगाला त्यातल्या त्यात जवळचं, मला परवडणारं वाहन म्हणजे सायकल.

जानेवारी १६६४ मध्ये महाराजांचं घोडदळ शहरात शिरण्याआधी याच उधन्यापर्यंत येऊन ठेपलं होतं. त्याआधी ते गणदेवीला पोहोचलं होतं. गणदेवी इथून अठ्ठावीस मैल दक्षिणेला. ती बातमी ५ जानेवारीला सुरतेत आली आणि शहराची पळापळ झाली. शहराचा मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. तापीच्या काठावरचा हा किल्ला सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांच्या धाकाने बांधला होता. शहराला मात्र तेव्हा धड तट नव्हता. ६ तारखेला महाराजांनी बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत मुक्काम टाकला आणि १० तारखेला मुघल फौज येत असल्याचं कळताच निघून गेले. इंग्रजांनी आपली वखार लढून वाचवली. त्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला आणि कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी दफनभूमीत त्याची घुमटाची, दुमजली कबर आहे. एका व्यापारी कंपनीच्या नोकराची कबर एवढी मोठी का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं: मुघल अमीर-उमरावांच्या मकबऱ्यांशी ती स्पर्धा करते आहे. औरंगजेबाने नंतर व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली आणि शहराभोवती विटांचा तट बांधायला लावला. १६७० मध्ये मराठे पुन्हा आले, तट ओलांडून.

सुरतेतून दक्षिणेला जायला मुंबई-अहमदाबाद हायवे आहे आणि सायकलवाल्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये. कंटेनर इतक्या जवळून जातात की हँडल हलतं. त्याऐवजी डिंडोलीतून वांझ, धामण करत नवसारी गाठायची. हीच वाट १९३० च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गांधीजी आणि त्यांचे सत्याग्रही चालले. आता त्या वाटेला दांडी पथ म्हणतात. जमीन पूर्ण सपाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, मध्येच काकरापार-उकाईच्या पाण्याचे कालवे. चढ लागतो तो फक्त पुलांवर.

उसाच्या फडांकडे मात्र थांबून बघावं. जानेवारीत तोडणी जोरात असते आणि तोडणारी माणसं बहुतेक डांगातली, धुळे-नंदुरबारकडची. नवरा-बायको मिळून एक जोडी, तिला इथे 'कोयता' म्हणतात; मुकादम दिवाळीआधी उचल देतो आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यात जातात. फडाच्या कडेला प्लॅस्टिकची पालं, बाहेर मडकी, पोरं. आपल्याकडे बीड-नगरला जे चित्र दिसतं तेच. म्हणजे ज्या डोंगरांकडे आम्ही हौसेने चाललो होतो, तिथली माणसं पोटासाठी याच रस्त्याने उलटी खाली उतरली होती. मराठे आले आणि गेले. ही ये-जा दर वर्षी चालू आहे आणि तिची बखर कोणी लिहिलेली नाही.

नवसारी हे पारशांचं आणि गायकवाडांचं गाव. जमशेटजी टाटा १८३९ मध्ये इथे जन्मले. अग्यारीच्या गल्ल्यांत बंद घरं जास्त, उघडी कमी. इथून दांडीचा रस्ता पश्चिमेला वळतो. एरू, मटवाड, कराडी ही गावं एकामागून एक लागतात. सकाळी दहाच्या आत समुद्र गाठावा, कारण त्यानंतर खारा वारा सुटतो आणि तो थेट तोंडावर येतो. या सपाट मुलखात वारा हाच घाट आहे.

दांडीला सैफी व्हिला आहे, दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंचा बंगला. ५ एप्रिलच्या रात्री गांधीजी तिथे राहिले आणि ६ तारखेला सकाळी त्यांनी मूठभर मीठ उचललं. शेजारी २०१९ मध्ये राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक झालं. त्याच्या आखणीत आयआयटी मुंबईचा मोठा वाटा आहे. यात्रेकरूंचे पुतळे एका ओळीत चालताना दाखवलेत. चांगलं केलंय, गर्दीही असते. पण मला कराडी जास्त आवडलं. दांडीनंतर गांधीजी तिथे खजुरीच्या झावळ्यांच्या झोपडीत राहत होते आणि ५ मे १९३० ला मध्यरात्र उलटल्यावर पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. खटला नाही, सुनावणी नाही. १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली अटक. रेल्वेने बोरिवलीपर्यंत, तिथे गाडीतून उतरवून मोटारीने थेट येरवडा. मुंबईत गर्दी जमू नये म्हणून ही तजवीज. पुण्याच्या वाचकाला येरवड्याची भिंत माहीत असते, तिथवर आणणाऱ्या या रस्त्याचं दुसरं टोक सहसा माहीत नसतं.

दांडीहून मागे फिरून दक्षिणेला निघालं की चिकूच्या आणि आंब्याच्या वाड्या सुरू होतात. अमलसाड, गणदेवी, बिलीमोरा. रस्ता सावलीचा, गावं जवळजवळ, पाण्याची चिंता नाही. गणदेवीत साखर कारखाना आहे, त्याच्या मळीचा वास गावाआधी लागतो. सुरतेहून इथवर आम्हाला, दांडीचा वळसा सोडला तर, सकाळचे काही तास लागले असते. घोडदळाला सामानसुमानासह दिवसभराची मजल. म्हणजे बातमी आणि फौज यांच्यात सुरतेला मिळालेला वेळ हा एवढाच. नकाशात बघून हे कळतं, पण पायांना कळतं तेव्हा इनायतखानाबद्दल किंचित सहानुभूती वाटू लागते. किंचितच.

बिलीमोऱ्याला अंबिका समुद्राला मिळते. ती उगम पावते सापुताऱ्याच्या डोंगरात. पुढची वाट ढोबळमानाने नदीच्या उलट्या दिशेने जाते. सोबतीला बिलीमोरा-वघईची नॅरोगेज रेल्वे, त्रेसष्ट किलोमीटरची. ती १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने काढली, डांगातलं सागवान खाली आणायला. राजे होते तिसरे सयाजीराव, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या मुलखापासून त्यांच्या जन्मगावाकडे तोंड करून निघालेले हे रूळ वघईला डोंगर बघून थांबले ते कायमचे. गायकवाडांचा या भागातला पाया त्याहून जुना: पिलाजीरावांनी अठराव्या शतकात सोनगडचा किल्ला धरला आणि तिथूनच बडोद्याचं राज्य उभं राहिलं. सोनगड आमच्या वाटेवर नव्हतं. सुरत-बारडोली-व्यारा-सोनगड अशी सायकलवाट वेगळी आहे, उकाईच्या जलाशयापर्यंत जाणारी, तीही करण्यासारखी.

अनावल ओलांडून उनाईला पोहोचलो की गरम पाण्याची कुंडं. पाय दुखत असतील तर थांबावं. वासद्यानंतर जमीन पहिल्यांदा हलते. छोटे चढ, छोटे उतार, आणि साग. वासद्याच्या राजाचं खासगी जंगल होतं, त्याचं १९७९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. जानेवारीत सागाची पानं वाळून रस्त्यावर पडतात आणि टायरखाली मोठा आवाज करतात.

वघई म्हणजे डांगचं दार. जवळच अंबिकेवर गिरा धबधबा. पावसाळ्यात गर्दी, हिवाळ्यात बारीक धार. पाट्या गुजरातीत, पण चहावाल्याशी मराठीत बोललं तरी चालतं. डांगी बोली आपल्याला निम्म्याहून अधिक समजते. १९६० मध्ये राज्यं वेगळी होताना डांग कुणाचा यावर बरंच भांडण झालं आणि तो गुजरातला गेला. त्याच्या आधी, १८४२ मध्ये, इंग्रजांनी इथल्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं, कारण त्यांना जहाजांसाठी साग हवा होता. त्या राजांच्या वंशजांना आजही होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात सालियाना दिला जातो. देशातल्या बाकी संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, यांचा चालू आहे. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण मागावं. हॉटेलात पंजाबी मिळतं, ते मागू नये.

वघई ते सापुतारा सुमारे पन्नास किलोमीटर. साकरपातळपर्यंत रस्ता वरखाली करत दमवतो, खरा घाट शामगव्हाणनंतर. सापुतारा सुमारे हजार मीटर उंचीवर आहे आणि त्यातला मोठा हिस्सा या शेवटच्या टप्प्यात चढायचा असतो. वळणं अरुंद, वरून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बस वळणावर पूर्ण रस्ता घेतात. सगळ्यात खालच्या गिअरवर, बोलणं बंद.

इथे १६७० ची दुसरी मोहीम आठवते. महाराज ५ ऑक्टोबरला सुरतेहून निघाले. त्यांची वाट हीच नव्हे. ती याच डोंगरांच्या उत्तर अंगाने बागलाणातून, मुल्हेरच्या बाजूने गेली. पण उंची तीच, चढ तोच आणि जनावरं लादलेली. मागावर बुऱ्हाणपूरहून दाऊदखान कुरेशी निघाला होता. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ गाठ पडली, मोकळ्या मैदानात लढाई झाली, मराठ्यांनी मुघल मागे रेटले आणि ऐवज पुढे निघाला. लादलेल्या जनावरांसह सपाटीवरून हा घाटमाथा बारा दिवसांत चढायचा आणि वर पोहोचून लढायचं. सुरतेत किती कोटी मिळाले यावर इतिहासकार वाद घालतात. माझ्या लेखी त्या मोहिमेतलं मोठं काम सुरतेत झालंच नाही, ते या बारा दिवसांत झालं.

सापुताऱ्यात तलाव, बोटी, रोपवे, मक्याची कणसं. थांबण्यासारखं फार नाही. पाचेक किलोमीटर पुढे सरहद्द ओलांडली की सुरगाणा तालुक्यातला हतगड लागतो, तो चढावा. वरून पूर्वेला सप्तशृंगीची रांग आणि पश्चिमेला उतरत गेलेला डांग दिसतो. तिथून वणी चाळीसेक किलोमीटर, रस्ता बराचसा पठारावरचा.

जाणार असाल तर जानेवारीत जा, पोंक (कोवळ्या ज्वारीचा हुरडा) आणि ऊस दोन्ही असतात. शनिवार-रविवारी घाट टाळा, शामगव्हाणहून सातच्या आत निघा आणि पाण्याच्या दोन बाटल्या तिथेच भरून घ्या, पुढे वाटेत भरवसा नाही. आणि नाशिककडून उतरत येऊ नका. तसं केलं तर घाट पाऊण तासात संपतो आणि मग तोंडावर वारा घेत सपाटी तेवढी उरते. हा रस्ता सुरतेकडून चढूनच करायचा आहे.