खंडोबाच्या गावचं कारवान

अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने आमच्याकडे असतो आणि उरलेले पावणेदोन नळदुर्गला. दोन्ही गावांच्या लेखी करारानुसार देव जातो-येतो. देवाच्या घोड्यासोबत कुत्रं असतंच, आणि वाघ्या तर स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो. त्यामुळे कुत्री पाळणाऱ्याला इथे कुणी येडं म्हणत नाही. कारवान जातीचं कुत्रं पाळणाऱ्याला मात्र म्हणतात, कारण ते भाकरी खातं दोघांची आणि दिसतं उपाशी.

हे उपाशी दिसणं मला जपायचं आहे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या मोजता याव्यात, छाती कोपरापर्यंत उतरलेली, पोट आत ओढलेलं, पाठीला कमरेपाशी किंचित कमान. मी कमरेच्या दोन हाडांमध्ये बोटं आडवी ठेवून बघतो. चार बसली तर ते कुत्रं पळणार. अरबस्तानातले सलुकी पाळणारेही हेच माप धरतात, आणि सलुकी हे आमच्या कारवानचं नात्यातलं. मग पंजा उचलायचा. बोटं लांब, घट्ट मिटलेली, गादी जाड हवी. चैत्रातल्या तापल्या ढेकळांवर गादी पातळ असलेलं कुत्रं थोड्याच वेळात लंगडतं.

असा पंजा आता मिळणं अवघड झालंय. गावोगावच्या शर्यतींनी कारवानात ग्रेहाउंड घुसवला. ग्रेहाउंड शे-पाचशे मीटर मऊ पट्ट्यावर वाऱ्यासारखा जातो, पण त्याचं अंग जड, कातडी नाजूक, दम आखूड. मिश्र पिल्लू शर्यत जिंकतं, लोक त्याच्याच वेतावर तुटून पडतात, आणि दोन पिढ्यांनी जुनं कुत्रं शोधायला भिंग लागतं. दुसरं नुकसान शहरी गिऱ्हाइकानं केलं. फोन आला की पहिला प्रश्न, “मामा, उंची किती भरंल?” दम किती, हे कुणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये छोट्या टेरियरचं हेच झालं. डेव्हनचे पाद्री जॉन रसेल १८७३ साली केनेल क्लबच्या स्थापनेत होते, फॉक्स टेरियरचे परीक्षकही होते. पण स्वतःची कुत्री त्यांनी प्रदर्शनात कधी उतरवली नाहीत. दिसण्यावर निवड सुरू झाली की बिळात शिरणारं कुत्रं संपतं, हे त्या माणसाला कळलं होतं.

त्यांच्या टेरियरला निदान कोल्हा होता. आमच्या कारवानचं काम ससा आणि हरिण, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं. योग्यच झालं, काळविटाच्या जिवावर मला वाण टिकवायचा नाही. पण काम गेलं की कसोटी जाते. म्हणून मी माझी कसोटी ठरवली आहे. पहाटे मोटारसायकलमागे मातीच्या रस्त्यानं सावकाश लांबवर धाव, घरी आल्यावर धाप किती वेळात बसते ते बघायचं. शेळ्यांच्या कळपातून मोकळं सोडायचं, एकाही शेळीला तोंड लागता कामा नये. रात्री शेतावर राखण. यात उतरेल त्याच मादीला नर दाखवायचा, आणि त्रेसष्ट दिवसांनी पिल्लं झाली की सगळ्यात मोठ्या पिल्लावर भाळायचं नाही.

सीमेपलीकडे कर्नाटकात याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. तिथे तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे, २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, लष्करानं ही कुत्री घेऊन पाहिली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं आणि माझा फोन वाजायला लागला. कौतुकाचा आनंद आहे, पण नुसत्या कौतुकानं वाण सुधारत नाही. उलट, कशाही जोड्या लावून पिल्लं विकणाऱ्यांचं फावतं.

पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या यात्रेला येणार असाल तर वाट वाकडी करून अणदूरला या. पिल्लू घ्यायचं असेल तर आधी त्याचे आई-बाप दोघंही पळताना बघायचा हट्ट धरा. दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. आणि पळायला रान नसेल, तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर माझ्याकडेही पिल्लू मागू नका.