नाशिकहून: पहिली फेलोशिप, पहिली खरेदी

पंचवटी, नाशिक
गुरुवार, रात्री

ती. आई-अण्णांना सा. न.

सुखरूप पोचले. पुण्यातल्या वाकडेवाडीहून सकाळची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत आम्हीच जास्त. चाकणला नेहमीसारखी कोंडी, नारायणगावला चहा, संगमनेरनंतर झोप लागली ती सिन्नरला उघडली. मैत्रिणीच्या आत्यांकडे उतरले आहे. त्या मला पाहुणी मानायला तयार नाहीत, आल्या आल्या लसूण सोलायला बसवलं. बरं वाटलं.

अण्णा, फोनवर तुम्ही म्हणालात, "म्हणजे पगार सुरू झाला." तेव्हा रेंज गेली, म्हणून लिहून सांगते. कुणी विचारलं तर हे पत्रच दाखवा. हा पगार नाही, जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप आहे. नेटच्या परीक्षेत वरचे गुण पडले की मिळते. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग एक समिती काम बघते आणि तिला पटलं तर ४२,०००. जानेवारी २०२३ च्या आधी हाच आकडा ३१,००० होता. दर महिन्याला विद्यापीठातलं एक माणूस पोर्टलवर माझी नोंद भरतं, दुसरं ती तपासतं, मग वरून पैसे सुटतात. मध्ये कुणी रजेवर गेलं की तो महिना कोरडा. म्हणून माझे इतक्या महिन्यांचे एकदम आले, सोयाबीनची पट्टी यावी तसे, आणि तसेच आल्या आल्या वाटलेही गेले. मेसची बाकी फिटली, मैत्रिणीचे उसने फिटले. तुमच्याकडून घेतलेले तुमच्या खात्यावर टाकलेत. ते परत माझ्याकडे पाठवायचे नाहीत, आधीच सांगते.

उरलेल्यातून नाशिकचा हा दौरा, आणि थोडी चैन. चैनीचा हिशेब पुढच्या पत्रात.

तुमची,
ताई


शनिवार

चि. पप्या,

आधी तुझ्या कामाचं: मिसळ खाल्ली. इथे रस्सा मागाल तितका देतात, पापड सोबत. बिल मी दिलं, आत्यांचंही. कुणाचं तरी बिल आपण द्यायचं ही चैन क्रमांक एक. आजवर मी हॉटेलात मेनू उजवीकडून वाचत आले, काल पहिल्यांदा डावीकडून वाचला.

मग काळाराम मंदिरात गेले. काळ्या दगडाचं, पेशवाईतलं बांधकाम. लोक दर्शनाच्या रांगेत होते आणि मी दरवाजे बघत फिरत होते, त्यामुळे फुलवाल्या बाईंना वाटलं माझी चप्पल हरवली. २ मार्च १९३० ला हे दरवाजे बंद करून घेतले होते. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित माणसं मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाला आली, दादासाहेब गायकवाडांनी पुढे वर्षानुवर्षं तो सत्याग्रह चालवला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका चार दारांवर बसल्या. पुढाऱ्यांची नावं पुस्तकात मिळतात. त्या २५ जणी कुठल्या गावच्या, घरी मुलं कुणाकडे ठेवून आल्या, पुढे त्यांचं काय झालं, हे मला शोधायचंय. सरकार मला त्याचेच पैसे देतंय. एका काकांनी परवा विचारलं, "यातून निघणार काय?" मी म्हटलं, नावं निघतील. ते गप्प बसले, पण पटलं नसावं.

दारापाशी उभं राहून मला बाबासाहेबांचीच स्कॉलरशिप आठवत होती. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानात नोकरी करायचा करार. त्या तुटपुंज्या पैशातून, पोटाला चिमटा काढून, न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात त्यांनी सुमारे २,००० पुस्तकं जमवली. परत येताना त्यांनी पुस्तकं दुसऱ्या जहाजातून पाठवली आणि १९१७ मध्ये पाणतीराने ते जहाज बुडालं. माझ्याकडून कुणी दहा वर्षांची नोकरी लिहून घेतलेली नाही, दर महिन्याची नोंद तेवढी हवी. त्यामुळे पोर्टलला शिव्या देताना मी थोडं जपून देते.

तर चैन क्रमांक दोन: चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र अनेक खंडांचं आहे. त्यातला मला हवा तो खंड मी विकत घेतला. झेरॉक्स नाही, स्पायरल बाइंडिंग नाही, खरं पुस्तक. पहिल्या पानावर नाव घातलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, कुणाची परवानगी न घेता. दुकानदाराकडून पक्कं बिल घेतलं, कारण वर्षाला १०,००० रुपये पुस्तकं-प्रवासाला वेगळे मिळतात, बिलं जोडली तर. तू बारावी हो, तुलाही शिकवते बिलं जपायला.

तुझी,
ताई


सोमवार

प्रिय आई,

हे पत्र फक्त तुला, अण्णांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

आज सकाळी सार्वजनिक वाचनालयात गेले. १८४० सालची संस्था. जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी केली, उद्या पुन्हा बोलावलंय. मग पाय आपोआप भांडी बाजाराकडे वळले. सराफ बाजाराला लागूनच आहे. दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेची दुकानं, घागरी दोरीला टांगलेल्या, समया जमिनीवर ओळीने, आणि वर गिऱ्हाइकांशी घासाघीस. मी एक पितळी डबा उचलला, तुझ्या तिखटमिठाच्या डब्याएवढा, जाड पत्र्याचा. दुकानदाराने बोटाच्या पेराने तो वाजवून दाखवला, मग काट्यावर टाकला, भाव किलोवर. सवयीने कमी करा म्हटलं, त्यांनीही सवयीने थोडे केले.

"नाव काय घालायचं?" त्यांनी विचारलं. नाव कोरायचं मशीन हातातच होतं. आपल्या मांडणीवरची भांडी मला आठवली. कशावर मामांचं नाव, कशावर कुणाच्या तरी सासऱ्यांचं, त्या मोठ्या पातेल्यावर तर ज्यांच्या लग्नात ते मिळालं त्यांचंच, आपल्याकडे कसं आलं देव जाणे. इतकी वर्षं तू त्या सगळ्यांत स्वयंपाक केलास आणि तुझं नाव एकावरही नाही. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "पुढे 'यांजकडून' की 'यांस'?" म्हटलं, काहीच नको, नुसतं नाव. आडनावही नको. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं. कर्र आवाज, पितळेचा बारीक चुरा, फुंकर, फडकं. अक्षर सुबक आलंय, तुझ्या रेशनकार्डावर आहे त्यापेक्षा तरी नक्कीच.

अण्णांसाठी चिवडा घेतलाय, तो टिकेल तर येईन तेव्हा मिळेल. हे आंतरदेशीय पत्रही खरेदीतच धर. टपालाची तिकिटं १९२६ पासून नाशिकरोडला छापतात, तेव्हा इथून पत्र न टाकणं बरं दिसत नाही.

परवा येवल्याला जायचंय. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा तिथल्याच परिषदेत केली. त्या परिषदेला गेलेल्यांच्या घरची कुणी म्हातारी माणसं बोलायला मिळतात का पाहते. येवला म्हटलं की तुला पैठणी आठवणार, हे मला ठाऊक आहे. यंदा आशा धरू नकोस. पुढच्या महिन्याची नोंद अजून कुणी तपासलेली नाही.

तुझी,
ताई