लपलेल्या गावाची वाट

‘एस्कॉन्डिडो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘लपलेले’. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात या नावाचे एक गाव आहे. गिटारवादक जे. जे. केल उत्तरायुष्यात त्याच परिसरात राहिला आणि २००६ साली एरिक क्लॅप्टनसह त्याने जी ध्वनिमुद्रिका काढली, तिचे नाव ‘द रोड टु एस्कॉन्डिडो’. साऱ्या हयातीत जो उजेडाच्या कडेकडेने चालला, त्याच्या संगीताला याहून समर्पक नाव मिळाले नसते.

केलचा जन्म १९३८चा, ओक्लाहोमातला. तो वाढला टल्सा शहरात. ब्लूज, कंट्री, जॅझ आणि रॉक अँड रोल यांच्या सीमारेषा तेथील मद्यगृहांतून रात्री पुसट होत. साठीच्या दशकात तो लॉस एंजेलिसला गेला, ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकला आणि यश न लाभताच गावी परतला. १९६६ साली त्याने ‘आफ्टर मिडनाइट’ हे स्वतःचे गाणे द्रुत लयीत गायिले होते. कोणाचेच तिकडे लक्ष गेले नाही. १९७० साली क्लॅप्टनने तेच गायिले आणि ते सर्वतोमुखी झाले.

नंतरची गोष्ट विशेष आहे. ‘नॅचरली’ या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत केलने ते गाणे पुन्हा घेतले, ते संथ लयीत! द्रुत लयीने ज्याला जग मिळवून दिले, त्याचीच लय त्याने उतरवली. काही गाण्यांत ढोलवादकाच्या जागी ठेका धरणारे यंत्र ठेवले. स्वतःचा आवाज वाद्यांच्या पातळीवर, कधी त्यांच्याही खाली ठेवला. ऐकणाऱ्याने कान पुढे करावा, आवाजाने त्याच्या अंगावर येऊ नये, अशीच ही रचना. ‘क्रेझी ममा’ लोकप्रिय होत असताना दूरचित्रवाणीवरील एका विख्यात कार्यक्रमाचे आमंत्रण आले. साथीदारांना न आणता, मुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवायचे होते. त्याने नकार दिला.

या अलिप्ततेची किंमत नव्हती असे नाही. ‘कोकेन’ हे गाणे त्याचे, १९७६चे. जगाच्या स्मरणात ते क्लॅप्टनचे म्हणून राहिले. ‘कॉल मी द ब्रीझ’ लिनर्ड स्किनर्डच्या नावे ओळखले गेले. त्याची गाणी गावोगाव हिंडली. तो मात्र ज्या रस्त्याने जाई, तेथे कोणी मागे वळून पाहत नसे. आपले अपत्य दुसऱ्याच्या नावाने मोठे होताना पाहणे सोपे असेल काय? परंतु त्या गाण्यांच्या मानधनाने त्याला स्वतःच्या लयीत जगण्याची मोकळीक दिली, आणि हा व्यवहार त्याने राजीखुशीने पत्करलेला दिसतो.

म्हणूनच २००६ची ध्वनिमुद्रिका मोलाची. केल सदुसष्ट वर्षांचा, क्लॅप्टन एकसष्टीचा. केलने निर्मिती सांभाळावी, एवढाच क्लॅप्टनचा मूळ बेत. त्यातून जोडीचे काम उभे राहिले. चौदा गाण्यांपैकी अकरा केलची. बिली प्रेस्टनची साथ तीत आहे; ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. येथे कोणालाही घाई नाही. एक गिटार वाक्य सुरू करते, दुसरी ते पुरे करते. दोघांचे आवाज इतके सरमिसळ होतात की, अमुक ओळ कोणाची, हे जाणकारालाही चटकन सांगता येऊ नये. ज्या आवाजाने ही गाणी जगभर नेली, तोच येथे गीतकाराच्या शेजारी, त्याच्याइतकाच खाली येऊन बसला आहे. पस्तीस वर्षांचे ऋण याहून शालीनपणे कसे फेडावे?

या ध्वनिमुद्रिकेला २००८ साली ग्रॅमी मिळाले. २६ जुलै २०१३ रोजी केल गेला. पुढल्याच वर्षी क्लॅप्टनने त्याच्या गाण्यांची आदरांजली सादर केली, आणि अनेकांना तेव्हा कुठे कळले की, इतकी वर्षे आपण गुणगुणत आलो, ती गाणी मुळात कोणाची होती. लपलेल्या गावाची वाट त्यांना सापडली, तेव्हा घरधनी निघून गेला होता. गाणे मात्र तेथेच, त्याच संथ लयीत चालू होते.