आईच्या ओव्या आणि नवी विंडोज

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो २००६ साली. शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून साताऱ्याहून जोडून आणलेलं मशीन. डबा मॉनिटर, ८० जीबीची हार्डडिस्क, ५१२ एमबी रॅम आणि आत विंडोज एक्सपी. मॉनिटर मी एसटीत मांडीवर धरून आणला होता. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेव्हा कुठं तो सोप्यात आला.

आमचं गाव माण तालुक्यात. विजेचा नेम नव्हता. असेल तेव्हा मी शाळेची कामं टाइप करायचो. आई शेजारी शेंगा फोडत बसायची. एकदा म्हणाली, “ह्यात समदं ऱ्हातं म्हनं. मग माज्या वव्या ऱ्हात्याल का?” आईला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. त्या हिवाळ्यात रोज दोन-चार करत १३७ ओव्या टाइप केल्या. २०११ मध्ये आई गेली. फाइल तशीच राहिली. उघडायचा धीर मला झाला नाही.

८ एप्रिल २०१४ला एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची तर जुन्या ब्राउझरवर पान उघडेना. मे महिन्यात आक्काचा पोरगा सुट्टीला आला. तो कॉम्प्युटरचं शिकत होता. “मामा, सेव्हन टाकू. पण रॅम वाढवावी लागंल.” मी एक जीबीची पट्टी आणून दिली.

एक्सपीवर सेव्हन वरच्यावर चढवता येत नाही, सगळं नव्यानं बसवावं लागतं. तो म्हणाला, “सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो.” ‘फॉरमॅट’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या, तरी म्हणालो, “पुसू नको काही. न पुसता होतंय का बघ.” त्यानं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. मध्येच वीज गेली, यूपीएस कोकलायला लागला. दहा मिनिटांनी वीज आली तेव्हा आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी नवी विंडोज उघडली. निळंशार पडदा, चकाचक खिडक्या. मी पहिल्यांदा आईची फाइल उघडली. आणि समोर आली इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकडे. पानंच्या पानं नुसता भुगा.

जुन्या फॉण्टचं असं असतं, की आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात. फॉण्ट फक्त त्यांना देवनागरीचं सोंग चढवतो. फाइल मी जपली, फॉण्ट घ्यायचा विसरलो. तो ज्या सीडीवरून टाकला होता, ती केव्हाच हरवली होती.

भाच्याचं लक्ष दुसरीकडंच होतं. “मामा, सी ड्राइव्ह भरत आलाय. जुनी विंडोज एका फोल्डरात पडलीय, ती उडवतो.” त्याचा हात माउसवर होता.

मला आजोबांची ट्रंक आठवली. माळवद उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा त्या ट्रंकेतले मोडी कागद कुणालाच वाचता येईनात. काही दिवस पडवीत लोळले, मग बंबात गेले. पुढं विहिरीतल्या हिश्श्यावरून भावकीत वाद लागला, तेव्हा वडील एकच बोलले, “कागूद व्हता रं आपल्याकडं.” कागद होता, वाचणारा नव्हता. म्हणून तो रद्दी ठरला.

“थांब,” मी ओरडलोच. “त्या जुन्या विंडोजमध्ये फॉण्ट असतील का?”

भाचा थबकला. ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं ते फोल्डर त्यानं उघडलं. त्यात जुनी विंडोज, तिच्यात फॉण्टचं फोल्डर. फॉण्ट तिथंच होता. त्यानं तो नव्या विंडोजमध्ये बसवला, फाइल पुन्हा उघडली, आणि पडद्यावर आईच्या ओव्या उमटल्या. भाच्याला आजी आठवली असणार. तो काही न बोलता चहा सांगायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं युनिकोडमध्ये घ्यायचं ठरवलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. फॉण्ट कुठलाही असो, ‘क’ तो ‘क’च राहतो. कन्व्हर्टरनं मिनिटात काम केलं, पण जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या. म्हणालो, “ऱ्हाऊ दे. मी पुन्हा टाइप करतो.”

आक्का पंचमीला माहेरी आली तेव्हा मी निम्म्यावर होतो. मी एक ओवी वाचून दाखवली. तिनं मान हलवली. “आरं, आई आसं म्हनत न्हवती.” मग माझ्या ध्यानात आलं. २००६ साली मास्तर टाइप करत होता. आईच्या ‘व्हतं’चं मी ‘होतं’ केलं होतं, ‘म्हनं’चं ‘म्हणे’. मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी आई तपासली होती. ओव्या आठ वर्षं सुखरूप होत्या, पण त्यातली आई मीच पुसली होती.

आक्काला ओवी नुसती सांगता येईना. तीन शब्द झाले की अडायची. शेवटी तिनं पाय पसरला, समोरच्या फरशीवर मूठ धरली आणि नसलेलं जातं ओढायला लागली. हात फिरायला लागला तशी ओवी सुरू झाली. मी टाइप करत गेलो, व्हतं तसं.

१३७च्या १५२ झाल्या. पंधरा आईनं मला कधी सांगितल्याच नव्हत्या. त्या लेकीसाठी होत्या.