भीतीची 'सेव्ह' कमांड

एक साधा प्रयोग करून बघा. एम-थ्रीमधलं लाप्लासचं कुठलंही एक सूत्र आठवा. नाही ना आठवत? आता पहिल्या ओरलला एक्स्टर्नलने कोणता शर्ट घातला होता ते आठवा. रंगासकट आठवला! सूत्र रात्रभर घोकलं होतं, शर्ट जेमतेम दहा मिनिटं पाहिला होता. हा पक्षपात करतं कोण?

सुरुवात होते मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपासून. धोका जाणवला की त्या काही सेकंदांत अ‍ॅड्रिनालिन सोडतात, काही मिनिटांनी कॉर्टिसॉल वाढतं. अ‍ॅड्रिनालिन स्वतः मेंदूत फारसं शिरत नाही, पण त्याचा निरोप व्हेगस या मज्जातंतूमार्फत वर पोचतो आणि मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनालिन वाढतं. मग अ‍ॅमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग बाकीच्या मेंदूला ऑर्डर देतो, "हे महत्त्वाचं आहे, पक्कं सेव्ह करा!" कॉर्टिसॉल त्या ऑर्डरीला आणखी जोर देतं.

१९९४ मध्ये अमेरिकेत केहिल, मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माणसांवर तपासलं. लोकांना एका मुलाच्या अपघाताची गोष्ट चित्रांसह सांगितली. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे अ‍ॅड्रिनालिन-नॉरअ‍ॅड्रिनालिनचा परिणाम अडवणारी गोळी, दिली होती. आठवड्याने विचारलं, तर त्यांना गोष्टीचा साधा भाग इतरांइतकाच आठवत होता. अपघाताचा भाग मात्र इतरांसारखा ठळक राहिला नव्हता.

आता माझं सांगतो. मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा मी सातवीत होतो. आजीला खुर्चीसकट माडीवर नेलं. माडीवर नेमके किती दिवस काढले, यावर घरात अजून वाद होतो. पण भिजलेल्या धान्याचा वास आणि अंधारात जिन्यावर आपटणारं पाणी, यात कणभर फरक पडलेला नाही. तारीख, जागा, क्रम यांचा हिशोब हिप्पोकॅम्पस ठेवतो. ताण फार झाला की हा हिशोबनीस ढेपाळतो. अ‍ॅमिग्डाला मात्र ओव्हरटाइम करतो.

विशेष म्हणजे पुरात मी तसा बरा होतो. झोप उडाली ती नंतर, पाऊस वाजला की. सगळे म्हणायचे, "अरे, पाणी ओसरलं, आता कसली भीती?" मलाही उत्तर सुचायचं नाही.

ते पुढे वाचनात सापडलं. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज २ तास, असे १० दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आक्रसल्या, अ‍ॅमिग्डालातल्या वाढल्या. हे २००२ चं काम. २००५ मध्ये त्यांनी फक्त एकदाच २ तासांचा ताण दिला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅमिग्डालात काहीच नवं दिसलं नाही. दहाव्या दिवशी मात्र तिथे नवे जोड फुटलेले होते आणि उंदीर बिचकू लागले होते! उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण उशिरा आलेली भीती म्हणजे नाटक नव्हे, एवढं मला त्यातून कळलं.

ही फाईल डिलीट होत नाही. तिच्यावर 'आता धोका नाही' अशी नवी आठवण बसवावी लागते. कपाळामागचा मेंदू ते काम करतो, पण त्याला सुरक्षित अनुभव पुन्हा पुन्हा लागतो. माझा रूममेट जालन्याचा. पाऊस म्हटलं की त्याची दिवाळी! रात्री सर आली की तो मला उठवून कॉरिडॉरमध्ये नेतो, मॅगी करतो आणि गावाकडच्या टँकरच्या गोष्टी सांगतो. हल्ली मी पावसात झोपतो, निदान थोडा तरी.

म्हणून एक विनंती. आपल्या विंगमध्ये कुणी लिफ्ट टाळत असेल, ओरलच्या आदल्या रात्री कुणाला उलट्या होत असतील, तर त्याला 'फट्टू' म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या मेंदूने सेव्ह केलेलं तुम्हाला दिसत नाही. जमलं तर शेजारी बसा. फारच त्रास असेल तर त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. तुमची एक संध्याकाळ जाईल, त्याची कदाचित झोप परत येईल.