सामान कोण सांभाळणार?

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी एवढंच बजावलं, "सावरकरांच्या कोठडीत डोकं टेकवल्याशिवाय परतू नका." ते आम्ही पहिल्याच दिवशी केलं. पण आमच्या ह्यांचं सारं लक्ष हॅवलॉक बेटाकडे. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोटीने दोनेक तास. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरता येतं. त्यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. हे गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले, मला पोहण्याचा गंध नाही. तेव्हा काठावर बसून चपला, टॉवेल अन् पाकीट सांभाळायचं काम माझं, हे न बोलताच ठरलेलं!

तिथे गेल्यावर कळलं, शिक्षक सोबत असला की पोहता न येणाऱ्यांनाही नेतात. फार तर १२ मीटर खोल. मी लगेच नाव दिलं.

आधी फॉर्म भरायचा असतो. हृदयविकार, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण... आणि दमा. ह्यांना लहानपणापासून दमा, थंडीत अजून पंप लागतो. ह्यांनी सरळ 'नाही'वर खूण केली. "अगं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न!"

मैत्रिणींनो, चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणं आपल्याला किती जड जातं! मी शिक्षकालाच विचारलं, दम्याचं एवढं काय? तो म्हणाला, १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छातीत घेतलेली एक लिटर हवा वर येताना दोन लिटर होऊ पाहते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. दम्याने नळ्या आवळल्या तर हवा आत कोंडते, फुप्फुस फाटू शकतं. मी काही न बोलता ह्यांच्यापुढे पेन धरलं. खूण बदलली. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरता येणार नाही, असं उत्तर आलं. त्या रात्री हे धड जेवलेही नाहीत.

सकाळी मी उतरले. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव. मग खाली जाताना कानांत दडे बसले. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की मोकळे होतात. तिथे अंगठा वर केला तर अर्थ होतो 'वर चला'. मी वर्गात शाबासकीला अंगठा दाखवणारी, दोनदा हात आवरावा लागला! मनगटावरचा पूजेचा लाल धागा खाली चक्क मातकट दिसला. पाणी लाल रंग आधी गिळतं म्हणे. समुद्रफुलाच्या झुपक्यात नारिंगी-पांढरे मासे लपंडाव खेळत होते. त्यांच्यात सगळ्यात मोठी ती मादी, घर तिच्या हुकमात. ती गेली की मोठा नरच मादी होतो. हे ऐकून मला भारी गंमत वाटली.

पण पोवळ्यांचे राखाडी, मेलेले पट्टेही होते. २०१० मध्ये समुद्र तापून तिथली पुष्कळ पोवळी गेली.

वर आले तेव्हा हे मांडीवर माझा टॉवेल घेऊन बसलेले. "काय काय पाहिलंस?" मी सांगत गेले. रागाचा मागमूस नव्हता, डोळे मात्र समुद्राकडे.

परतीचं विमान दोन दिवसांनी होतं. एकदाच उतरलं तरी निदान १२ तास विमानात बसायचं नसतं, तेवढं तिकीट काढताना बघा.

घरी आल्यावर ह्यांनी आपणहून छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मंगळवारची. शाळा आटोपून मीही जाणार आहे.